डॉ. वाल्डेमार हाफकिन : ग्रंथालयातून प्रयोगशाळेकडे

परदेशगमनास निघालेल्या प्रवाशाला पारपत्र, प्रवेशपरवाना आणि तिकीट यांच्या जोडीने पुष्कळदा आणखी एक कागद जवळ बाळगावा लागतो. तो म्हणजे लस टोचून घेतल्याचा दाखला. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका या खंडांतील ज्या देशांत पीतज्वराचा उपद्रव आहे, तेथे जाणाऱ्याला अथवा तेथून भारतात परतणाऱ्याला हा पिवळ्या रंगाचा दाखला दाखविल्यावाचून पुढे पाऊल टाकता येत नाही. हजयात्रेस जाणाऱ्यास मेंदूज्वराची लस घ्यावी लागते. एक काळ असा होता, की देवी आणि पटकी या दोन रोगांचे दाखलेही प्रत्येक प्रवाशाच्या खिशात असत. पटकीच्या दाखल्याची आंतरराष्ट्रीय सक्ती १९७३ साली उठली आणि १९८० साली देवीच्या रोगाचे पृथ्वीवरून उच्चाटन झाल्याचे जाहीर झाल्यावर तो दाखलाही इतिहासजमा झाला. प्रवासी आणि रोग एकाच जहाजातून प्रवास करतात, ही जाणीव या सर्व दाखल्यांच्या मुळाशी आहे.

ही जाणीव मुंबई इलाख्यास फार मोठी किंमत मोजून झाली. त्या संकटकाळात ज्याने पटकी आणि प्लेग या दोन्ही रोगांवरील लशी प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेऊन मग लोकांपुढे ठेवल्या, त्या वाल्डेमार मॉर्डेकाय हाफकिन यांचे नाव परळच्या संस्थेमुळे महाराष्ट्रात सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु त्या नावामागचा माणूस मात्र बहुतेकांस अपरिचितच राहिला आहे. ग्रंथालयाच्या सभासदांना तर या माणसाविषयी विशेष आपलेपणा वाटावा, असे एक कारण त्यांच्या चरित्रात आहे. जगप्रसिद्ध पाश्चर संस्थेत हाफकिन यांनी प्रवेश केला तो संशोधक म्हणून नव्हे, तर ग्रंथपालाचा साहाय्यक म्हणून.

पूर्वायुष्य

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी रशियन साम्राज्यातील काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा या बंदरात एका ज्यू व्यापारी कुटुंबात झाला. बालपणाचा काही काळ बर्द्यान्स्क येथे गेला. पुढे ओडेसाच्या विद्यापीठात ते निसर्गविज्ञानाचा अभ्यास करू लागले. तेथे त्यांना इल्या मेचनिकॉफ यांच्यासारखे गुरू लाभले. रक्तातील पांढऱ्या पेशी रोगजंतूंस गिळंकृत करतात, हा सिद्धान्त मांडून पुढे नोबेल पारितोषिक मिळविणारे हेच ते मेचनिकॉफ.

ते दिवस शांतपणे विद्याभ्यास करण्याचे नव्हते. १८८१ साली झार दुसरा अलेक्झांडर याचा वध झाला आणि त्याचे निमित्त करून दक्षिण रशियात ज्यू वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. ओडेसातील ज्यू तरुणांनी आपल्या वस्त्यांच्या रक्षणासाठी दल उभारले. हाफकिन त्यात सामील झाले, जखमी झाले आणि पोलिसांच्या हाती सापडले. मेचनिकॉफ यांनी रदबदली केली म्हणून त्यांची सुटका झाली. शिक्षण पूर्ण करून त्यांनी पदवी संपादन केली आणि ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात काम पत्करले. एकपेशीय जीवांवरील त्यांचे निबंध याच काळातील होत. गुणवत्तेच्या बळावर त्यांना विद्यापीठात अध्यापकाची जागा सहज मिळाली असती. परंतु त्या काळच्या रशियात ज्यू माणसाला ती मिळवायची तर ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेणे भाग होते. हाफकिन यांनी ती अट मान्य केली नाही. नोकरीपेक्षा स्वत्व मोठे मानण्याचा हा निर्णय त्यांच्या पुढील आयुष्याची दिशा ठरवून गेला.

१८८८ साली त्यांनी मायभूमी सोडली. जिनीव्हा येथे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक मॉरित्स शिफ यांच्या हाताखाली काही काळ काम करून ते १८८९ साली पॅरिसला आले. मेचनिकॉफही त्यापूर्वीच तेथे जाऊन पोहोचले होते. नव्यानेच उभारलेल्या पाश्चर संस्थेत आपल्या शिष्यास जागा मिळावी अशी त्यांची इच्छा होती. पण मोकळी होती ती केवळ साहाय्यक ग्रंथपालाची जागा. हाफकिन यांनी ती आनंदाने स्वीकारली. दिवसा ग्रंथांची देवघेव, उरल्या वेळात प्रयोगशाळेतील काम आणि विरंगुळा म्हणून व्हायोलिनवादन, असा त्यांचा क्रम असे. पुढच्याच वर्षी एमिल रू यांचे साहाय्यक म्हणून त्यांना प्रयोगशाळेत हक्काची जागा मिळाली.

पटकीची लस

त्या काळी पटकीच्या साथी युरोपात पुनःपुन्हा उसळत होत्या. स्पेनमध्ये हाइमे फेरान यांनी १८८५ साली पटकीची लस टोचण्याचा प्रयत्न केला होता. परंतु त्यांच्या कार्यपद्धतीविषयी शास्त्रज्ञांनी गंभीर शंका घेतल्या होत्या. हाफकिन यांनी हा प्रश्न मुळापासून हाती घेतला. पटकीचे जंतू गिनीपिगच्या शरीरातून एकामागून एक असे अनेकवार नेऊन त्यांनी त्यांची तीव्रता वाढविली, तर काही जंतू उष्णतेच्या व हवेच्या साहाय्याने सौम्य केले. प्रथम सौम्य लस आणि काही दिवसांनी तीव्र लस, अशी दोन टप्प्यांची पद्धत त्यांनी ठरविली.

प्राण्यांवरील प्रयोग यशस्वी झाले, तरी माणसावर प्रयोग करायचा कोणावर, हा प्रश्न होताच. हाफकिन यांनी त्याचे उत्तर आपल्यापुरते दिले. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी लस स्वतःच्या अंगात टोचून घेतली. ताप आला, कूस दुखू लागली, पण काही दिवसांत ते पूर्ववत झाले. त्यांच्यापाठोपाठ त्यांच्या तीन रशियन मित्रांनीही ती टोचून घेतली. ३० जुलै रोजी पॅरिसच्या जीवशास्त्र मंडळापुढे त्यांनी आपला वृत्तान्त सादर केला. ज्येष्ठांकडून अपेक्षित उत्साह मात्र दिसला नाही. रशियात पटकीने थैमान घातले असता तेथे जाऊन लस टोचण्याची त्यांची तयारी होती. पण रशियाच्या सरकारने तीही नाकारली.

या वेळी एक योग जुळून आला. हिंदुस्थानचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन हे तेव्हा पॅरिसमध्ये ब्रिटनचे राजदूत होते. पटकीचे मूळ माहेर बंगाल असल्याने लशीची खरी कसोटी तेथेच लागेल, हे त्यांनी जाणले आणि हाफकिन यांना हिंदुस्थानात जाण्याचा मार्ग मोकळा करून दिला. मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्यास उतरले.

कलकत्त्यास त्या वेळी साथ नव्हती, म्हणून एप्रिलमध्ये आग्र्यापासून त्यांनी कामास आरंभ केला आणि उत्तर हिंदुस्थानात ते गावोगाव हिंडले. १८९४ साली कलकत्त्याचे आरोग्याधिकारी सिम्सन यांच्या निमंत्रणावरून ते तेथील झोपडवस्त्यांत शिरले. साहेबाची सुई म्हणजे काही घातपात असावा, या संशयाने लोकांनी दगडही भिरकावले. अशा प्रसंगी जमावासमोर स्वतःच्या अंगात सुई टोचवून घ्यावी, ही त्यांची रीत होती. त्यांच्यासमवेत भारतीय डॉक्टरांचे पथक असे आणि त्यांच्या मध्यस्थीमुळेच वस्तीची दारे उघडत. एका वस्तीतील सुमारे दोनशे रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. पुढे तेथे पटकी उद्भवली तेव्हा ती लस न घेतलेल्यांतच आढळली. त्यानंतर आसामच्या चहामळ्यांतील मजूर आले. कोणावरही बळजबरी न करता सुमारे अडीच वर्षांत ४२ हजारांच्या आसपास लोकांना त्यांनी लस टोचली. अखेर हिवतापाने गाठले आणि प्रकृती सावरण्यासाठी १८९५ साली त्यांना युरोपात परतावे लागले. पुढच्याच वर्षी ते पुन्हा कामावर रुजू झाले.

मुंबईतील प्लेग

२३ सप्टेंबर १८९६ रोजी मांडवी भागात डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी एका रुग्णाच्या गाठीवरून हा प्लेग असल्याचे निदान केले. गोदामांनी, धान्याच्या कोठारांनी आणि दाट चाळींनी भरलेली मांडवी ही रोगास अनुकूल अशीच जागा होती. थोड्याच आठवड्यांत मुंबई हादरली. गिरण्या ओस पडू लागल्या, लाखो लोक गावाकडे पळाले आणि जाताना रोगही बरोबर घेऊन गेले. रुग्णास घरातून ओढून नेणाऱ्या पथकांविषयी लोकांत इतकी धास्ती होती, की ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. पुण्यातही प्लेग पोहोचला. रुग्णसेवा करता करता सावित्रीबाई फुले यांनी १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला. घरझडतीच्या जुलमाने प्रक्षुब्ध झालेल्या पुण्यात २२ जून १८९७ च्या रात्री रँडसाहेबावर गोळ्या झाडल्या गेल्या. ही हकीकत महाराष्ट्रास ठाऊकच आहे.

या काळात जगाची दारे मुंबईस बंद होऊ लागली होती. मुंबईहून सुटणारी जहाजे युरोपात प्लेग घेऊन येतील, या भीतीने निरनिराळ्या राष्ट्रांचे प्रतिनिधी १८९७ च्या आरंभी व्हेनिस येथे जमले. जहाजांची तपासणी, प्रवाशांची वैद्यकीय परीक्षा आणि संशयितांना अटकावून ठेवण्याचे नियम तेथे ठरले. त्या वर्षी मुंबई बंदरातून हजयात्रेस जाण्यास मनाई झाली. रेल्वेच्या फलाटांवरही प्रवाशांची तपासणी होऊ लागली. प्रवासी म्हणजे रोगाचा वाहक, या एकाच नजरेने त्याच्याकडे पाहिले जाऊ लागले. त्याला निर्धोक ठरविणारे साधन मात्र कोणाकडेच नव्हते.

ते साधन शोधण्यासाठी सरकारने ऑक्टोबर १८९६ मध्ये हाफकिन यांना मुंबईस पाठविले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि लगतची पडवी मिळाली. मदतीस एक कारकून आणि तीन शिपाई होते. प्लेगचा जंतू येर्सिन आणि कितासातो यांनी दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँग येथे ओळखला होता. तो उंदरांवरील पिसवांतून पसरतो, ही गोष्ट तर अद्याप कोणी सांगितलीही नव्हती. अशा अपुऱ्या सामग्रीवर हाफकिन रात्रंदिवस राबू लागले. साहाय्यक थकून आजारी पडले, काही सोडून गेले. परंतु त्यांचे काम थांबले नाही.

त्यांची कृती साधी व कल्पक होती. चंबूत मांसरस घेऊन त्यावर ते तुपाचे थेंब सोडीत. पृष्ठभागावर तरंगणाऱ्या तुपाच्या खाली प्लेगचे जंतू वाढत आणि गुहेच्या छतातून लोंबणाऱ्या चुनखडीच्या लोलकांप्रमाणे रसात खाली उतरत. चंबू हलविला की ते तुटून तळाशी बसत आणि पुन्हा नवे लोलक वाढू लागत. असे पुरेसे जंतू साठले की तो रस सुमारे ७० अंश सेल्सियस उष्णतेत तासभर ठेवून जंतू मारीत आणि टिकण्यासाठी त्यात कार्बोलिक आम्ल घालीत. मांसरसासाठी गाय अथवा डुकराचे मांस न घेता बकऱ्याचे मांस वापरण्याची दक्षता त्यांनी घेतली. ज्यांच्यासाठी लस आहे त्यांच्या श्रद्धेस धक्का लावून ती त्यांच्या गळी उतरविता येणार नाही, हे स्वतः धर्मासाठी नोकरीवर पाणी सोडलेल्या या माणसास कोणी शिकवावे लागले नाही.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी १० घन सेंटिमीटर लस स्वतःस टोचून घेतली. पुढे सर्वसाधारण माणसास दिल्या जाणाऱ्या मात्रेहून ती कितीतरी अधिक होती. डॉ. सुर्व्हेअर यांनी ती टोचली आणि कॉलेजचे प्राचार्य साक्षीस होते. जोराचा ताप आला, टोचलेली जागा अतिशय दुखू लागली. तरी त्याही अवस्थेत ते आपल्या कामावर हजर राहिले. लस निर्धोक असल्याचे समजताच कॉलेजातील अध्यापक व विद्यार्थी यांच्यापैकी अनेक जण पुढे आले.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील सुमारे निम्म्या कैद्यांनी स्वेच्छेने लस घेतली. न घेतलेल्यांपैकी बारा जणांस प्लेग झाला व सहा दगावले. घेतलेल्यांपैकी दोघांस सौम्य बाधा झाली आणि मृत्यू एकही झाला नाही.

दमणचा अनुभव आणि उंढेरा

तुरुंगातील संख्या लहान होती. मोठ्या लोकवस्तीत लशीची परीक्षा झाली ती मुंबईच्या उत्तरेस, पोर्तुगीजांच्या अमलाखालील दमण येथे. आज सिल्व्हासा, खानवेल, सुरंगी ही गावे ज्या प्रदेशात आहेत, तो नगरहवेलीचा परगणा त्या काळी दमणच्याच कारभाराखाली होता. १८९७ साली लहान दमणमध्ये प्लेगने अनर्थ मांडला. गावाची वस्ती ८,२३० होती. त्यांपैकी २,१९७ जणांनी हाफकिन यांची लस घेतली आणि ६,०३३ जणांनी घेतली नाही. न घेतलेल्यांत १,४८२ मृत्यू झाले, म्हणजे जवळजवळ चौघांमागे एक. घेतलेल्यांत ३६ जण मृत्यू पावले, म्हणजे साठांमागे एक. एका गावातील पंधराशे माणसे एका हंगामात नाहीशी व्हावी, याचा अर्थ ज्यांच्या घरात ते घडले त्यांनाच कळणार. परंतु लशीचा पक्ष मांडणारा याहून स्पष्ट पुरावा तोवर कोणाच्या हाती आला नव्हता.

हाफकिन यांचे मन मात्र एवढ्यावर संतुष्ट झाले नाही. लस घेणारे लोक मुळातच अधिक सुस्थितीतील अथवा अधिक सावध असू शकतील, आणि मग श्रेय लशीचे की परिस्थितीचे, असा आक्षेप कोणीही घेऊ शकेल, हे त्यांना दिसत होते. त्यामुळे १८९८ साली बडोदे संस्थानातील उंढेरा या खेड्यात त्यांनी वेगळी योजना आखली. प्रत्येक घरातील माणसे वय, लिंग, प्रकृती पाहून शक्य तितकी सारखी विभागली आणि एकाच छपराखालील निम्म्यांस लस टोचली. पुढे प्लेग २८ कुटुंबांत शिरला. त्या घरांतील लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ जणांस प्लेग होऊन २६ मरण पावले. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ जणांस प्लेग झाला व ३ दगावले. एकच घर, एकच अन्न, एकच हवा आणि तरीही एवढा फरक. आकडेवारीच्या न्यायबुद्धीचा असा आग्रह त्या काळी विरळाच होता.

लशीने सर्वांचे रक्षण होत नाही, तिचा प्रभाव काही महिन्यांपुरताच टिकतो आणि ताप व वेदना सोसाव्या लागतात, हे दोष त्यांनी कधी लपविले नाहीत. लोकांचा विश्वास हळूहळूच बसत गेला. खोजा समाजाचे तरुण धर्मगुरू तिसरे आगाखान यांनी आपल्या अनुयायांसमोर स्वतः लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपला खुश्रू लॉज हा बंगला दिला. त्यामुळे त्या समाजातील हजारो लोक निर्धास्तपणे पुढे आले. लस घेतलेल्यांस दाखला देण्याची पद्धतही सुरू झाली आणि तो जवळ असणाऱ्यास विलगीकरणाच्या काही जाचातून सूट मिळू लागली. आजच्या प्रवाशाच्या हातातील दाखल्याचे नाते या जुन्या कागदाशी आहे.

१८९७ साली हाफकिन यांना सी.आय.ई. हा किताब मिळाला. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळ येथील जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये त्यांच्या प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे उद्घाटन गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते झाले. या वास्तूचाही इतिहास लक्षात घेण्याजोगा आहे. मूळचा पोर्तुगीज काळातील मठ, पुढे मुंबईच्या गव्हर्नरांचे निवासस्थान. गव्हर्नर फर्ग्युसन यांची पत्नी १८८२ साली येथे पटकीने वारली आणि त्यानंतर गव्हर्नरांचे वास्तव्य मलबार हिलकडे हलले. ज्या घरातून पटकीने मालकास बाहेर काढले, त्याच घरात पटकीची लस शोधणाऱ्याने आपले ठाणे मांडले.

मुल्कोवालचा आघात

१९०२ साली पंजाब सरकारने प्लेगविरुद्ध फार मोठी मोहीम आखली. लशीची मागणी एकदम अनेक पटींनी वाढली. ती पुरविण्यासाठी हाफकिन यांनी लस करण्याच्या पद्धतीत बदल केला व कार्बोलिक आम्ल वगळून केवळ उष्णतेने निर्जंतुकीकरण करण्यास सुरुवात केली. पाश्चर संस्थेत ही रीत आधीपासूनच रूढ होती.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. आठवड्याभरात त्यांपैकी १९ जणांस धनुर्वात झाला आणि ते सर्व मृत्यू पावले. त्या सर्वांना एकाच, ५३-एन या क्रमांकाच्या बाटलीतील लस टोचली होती. ती बाटली ४१ दिवसांपूर्वी परळ येथे भरलेली होती. चौकशी आयोग नेमला गेला आणि बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे प्रयोगशाळेतच, लस दूषित झाली असावी असा निष्कर्ष त्याने काढला. हाफकिन यांना संचालकपदावरून दूर व्हावे लागले. १९०४ साली त्यांनी हिंदुस्थान सोडला. ज्याने आपल्या शरीरावर प्रयोग केल्यावाचून एक थेंब दुसऱ्यास टोचला नाही, त्याच्यावर एकोणीस निरपराध खेडुतांच्या मृत्यूचा ठपका आला.

चौकशीच्या कागदपत्रांतच दुसरी बाजू दडलेली होती. त्या दिवशी बाटलीचे बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो केवळ जंतुनाशक द्रवात बुडवून, नीट निर्जंतुक न करता पुन्हा वापरण्यात आला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे वैद्यकास नवे नव्हते. शिवाय ते जंतू बाटलीत ४१ दिवस वाढले असते तर तिला दुर्गंधी आलीच असती; पण उघडणाऱ्या डॉक्टरने बाटली हुंगून पाहिली असता तसे काही जाणवले नव्हते. त्याच चंबूतून भरलेल्या अन्य बाटल्यांनी कोणासही अपाय झाला नव्हता. लंडनच्या लिस्टर संस्थेने सर्व पुरावा पुन्हा तपासला. हिवतापाचा वाहक डास असल्याचे शोधून काढणारे रोनाल्ड रॉस यांनी हा प्रश्न हाती घेतला. जुलै १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्स पत्रात त्यांनी व अन्य नामवंत शास्त्रज्ञांनी मिळून पत्र प्रसिद्ध केले आणि आयोगाचा निष्कर्ष टिकणारा नाही असे दाखवून दिले. प्रकरण पार्लमेंटपर्यंत गेले. अखेर १९०७ च्या नोव्हेंबरात हाफकिन दोषमुक्त झाले. फ्रान्समधील ड्रेफस प्रकरणाशी अनेकांनी या प्रकरणाची तुलना केली आहे.

न्याय मिळाला, परंतु तो पाच वर्षे उशिरा. परळची संस्था त्यांच्याकडे परत आली नाही. कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत त्यांची नेमणूक झाली. पण माणसांवर नव्या लशींची चाचणी करण्याची मोकळीक त्यांना उरली नव्हती. पटकीची मृत जंतूंपासून केलेली लस सिद्ध करण्याची त्यांची उमेद त्यामुळे मागेच राहिली. नियत वयोमर्यादा येताच ते निवृत्त झाले आणि १९१५ साली या देशाचा कायमचा निरोप घेऊन गेले.

अखेरची वर्षे

निवृत्तीनंतर हाफकिन पॅरिसनजीक आणि १९२८ पासून स्वित्झर्लंडमधील लोझान येथे राहिले. ते अविवाहित होते. तरुणपणी ज्या धर्मासाठी त्यांनी उपजीविकेवर पाणी सोडले, त्याच्या आचरणात त्यांचे उत्तरायुष्य गेले. १९१६ साली त्यांनी परंपरानिष्ठ ज्यू जीवनपद्धतीचे समर्थन करणारा निबंध प्रसिद्ध केला. पूर्व युरोपातील धर्मपाठशाळांना साह्य करण्यासाठी १९२९ साली त्यांनी एक निधी स्थापन केला. या पाठशाळांतून धर्मग्रंथांबरोबर विज्ञान आणि हस्तव्यवसायाचे शिक्षणही मिळावे, असा त्यांचा आग्रह होता.

दरम्यान परळच्या प्रयोगशाळेने आपल्या संस्थापकास विस्मृतीत जाऊ दिले नाही. संचालक मॅकी यांच्या पुढाकाराने १९२५ साली तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव देण्यात आले. १८९७ पासून तोवर प्लेगच्या लशीच्या दोन कोटी साठ लाख मात्रा मुंबईहून रवाना झाल्या होत्या. हा सन्मान हाफकिन यांना हयातीत पाहावयास मिळाला. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान येथे वयाच्या सत्तराव्या वर्षी त्यांचे निधन झाले. १९६४ साली भारताच्या टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

हाफकिन यांच्या लशींची जागा पुढे अधिक सरस लशींनी आणि प्रतिजैविक औषधांनी घेतली. शास्त्राचा मार्गच तसा आहे. त्यात कोणाचाही शोध अखेरचा नसतो. टिकून राहिली ती त्यांची रीत. प्रथम स्वतः टोचून घ्यावे, मग इच्छा असेल त्यास द्यावे, घेतलेल्यांची आणि न घेतलेल्यांची प्रामाणिकपणे मोजदाद ठेवावी आणि लशीतील उणीव झाकून ठेवू नये. ज्या भायखळ्यात एका खोलीत आणि पडवीत त्यांनी प्लेगची लस सिद्ध केली, तेथील जे. जे. रुग्णालयाच्या आवारात पुढे परदेशी जाणाऱ्यांस पीतज्वराची लस टोचून दाखला देण्याची सोय झाली. त्या रांगेत उभ्या राहिलेल्या किती प्रवाशांना हा पूर्ववृत्तान्त ठाऊक असेल, हे सांगता येत नाही.

पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दुसऱ्यांचे ग्रंथ नीट लावून ठेवण्याचे काम करणाऱ्या या गृहस्थाने आयुष्यभर रोजनिशी लिहिली. गावांची नावे, टोचलेल्यांची संख्या, भेटलेली माणसे, मनाला झालेल्या जखमा, सारे तीत नोंदलेले आहे. या रोजनिश्या आज जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जतन केलेल्या आहेत. अपवादाच्या काळात ज्यांचे म्हणणे फारसे कोणी ऐकून घेतले नाही, त्यांचे शब्द अभ्यासकांच्या हाती अखेर एका ग्रंथालयानेच सुरक्षित पोहोचविले.